ढवळ्याच्या खुराची पत्री

वाशीम, ता. ७ जानेवारी १९३८

ती. पुंजाजीमामांस, भाचा जगदेव याचा सा. न. वि. वि.

तुमी अकोल्यात मोठमोठ्या मोटारी खोलता, म्हणून तुमालेच लिहून राह्यलो. गुलाम नबी सेठची मोटर मी वाशीम-रिसोड-केनवड चालवतो. तिच्या स्टेअरिंगले पंधरा दिवसांपासून कापरं भरलं. हळू चालवली तर गाय हाय. तासाले पंचवीस मैलाच्या वर गेली का चाक हातात असं थडथडते, का माहे दात वाजतात. सवाऱ्या देवाचं नाव घेत उतरतात. सेठ म्हणाले, महिनाअखेर दोष काढ, नाही तर चाबी ठेव अन् घरी जा.

घरी कोणत्या तोंडानं जाऊ? बापाची बैलजोडी इकून मी मोटर धरली, तवापासून माय माह्याशी बोलत नाही. साल झालं. केनवडच्या बाजारी गाडीच्या सावलीत येऊन बसते, पर एक शब्द नाही. आता काम गेलं तर मोटर बी गेली अन् माय बी. लवकर लिहा.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
जगदेव

अकोला, ता. १२ जानेवारी १९३८

चि. जगदेव यास मामाचे अनेक आशीर्वाद.

अरे बाबा, रडून कागद ओला केला तू! मोटर बिचारी साफ सांगून राह्यली अन् तू आयकतच नाही. सीट हलली असती तर मागचं चाक पाह्य म्हटलं असतं. हातात थडथडते, म्हणजे पुढचं. ब्रेक दाबल्यावर वाढत नसंल तर ब्रेकच्या मांगं लागू नको. चाकाचे नट आवळ, हवा पाह्य. मंग जॅक लावून एकेक चाक उचल, हातानं हळूच फिरव अन् सोडून दे. दरवेळी तेच अंग खाली येऊन थांबलं, तर तिथं वजन हाय समज. आपली काळी माती रिमच्या आत वाळून दगड होते. खरवडून काढ.

अन् तुळसाबाई तुही माय असंल, पर माही मोठी बहीण हाय. तिच्याशी हारजीत कायले लावतं? तूच बोल ना पहिले.

पत्राची वाट पाहतो. मामीचा आशीर्वाद.
पुंजाजी

वाशीम, ता. १६ जानेवारी १९३८

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं बोलणं खरं निघालं. डावं चाक दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा तेच अंग खाली. पर माती नव्हती. आतून, रिमजवळ, आऱ्याले तारेनं आवळलेली काळ्या चिंधीची पुडी होती. सोडली तर आत लोखंडाची पत्री, बैलाच्या खुराले मारतात ती. एक कोपरा तुटलेला. आपल्या ढवळ्या बैलाची! मीच पाय धरला होता ती मारतानी.

आता समजलं माय गाडीजवळ काहून बसे. मले परत वावरात नेवाले तिनं मोटरले दुखणं लावलं. पुडी काढल्यावर गाडी लोण्यावानी चालते, सेठ खूश हाये. पर मामा, न बोलणं सोसलं असतं. हे सोसवत नाही.

तुमचाच,
जगदेव

केनवड, ता. २१ जानेवारी १९३८

चि. जगदेव यास आशीर्वाद.

तुह्या पत्रानं राहवलं नाही, म्हणून इथं येऊन तुळसाबाईले समोरासमोर इचारलं. ती म्हणे, ढवळ्या अकरा वर्षं गाडीले जुपला, एकदा ठेचाळला नाही. पुरात तुह्या बापाले गाडीसगट त्यानंच घरी आणलं. पोरानं बैल इकले, पर पोराले सांभाळाले ढवळ्याचं लोखंड तरी संग जाऊ दे, म्हणून तिनं बांधलं. त्यानंच चाक थडथडत होतं हे मी सांगतलं. माह्या हातानं लेकरू मारलं असतं, म्हणे, अन् लय रडली. मूर्खा, तू काय समजला अन् काय निघालं!

तिले समजावता समजावता मी म्हटलं, का वजनाचा दोष नाही, एकाच अंगाले असण्याचा दोष हाय. तेवढंच वजन समोरच्या अंगाले बांधलं तर चाक कापत नाही. तशी ती उठली अन् फडताळातून चिंधी काढली. त्याच खुराची दुसरी पत्री होती, पत्र्या बदलतानी जपून ठेवलेली. बैलाचा खूर फाटलेला, म्हणून एका खुराले दोन असतात, हे मीच इसरलो होतो.

पहिली फेकली नसंल तर ठेव. दोन्ही समोरासमोर पक्क्या आवळ. दुसरी मी आणत नाही. येत्या बाजारी ती सोता घेऊन येते. सकाळपासून मले इचारून राह्यली, का डायवरच्या मायले कोणत्या सीटवर बसू देतात.

रस्त्यावर नजर ठेव, अन् आमच्यावर माया.
पुंजाजी