स्टीलचा पहिला दिवस

मंगळवार, अ‍ॅशबर्न

हलकं रिव्हॉल्व्हर खिशाला स्वस्त पडलं, हाताला महाग. रविवारी नेमबाजीच्या रेंजवर पाच गोळ्या झाडल्या आणि हलक्याच्या धक्क्याने तळहात सोलून निघाला. काल दुकानात चहासुद्धा डाव्या हाताने ढवळला. जुनं स्टीलचं रिव्हॉल्व्हर हातात कसं शांत बसतं! पण कमरेला वीट. दर दहा पावलांवर पॅन्ट वर ओढायची.

म्हणून सकाळी वंदनाला सांगितलं, आज दिवसभर स्टीलचं कमरेला लावून दुकान चालवतो. जमलं तर हलकं विकून टाकायचं.

आणि जमलं की! दुपारी गल्ल्यावरून वंदना म्हणाली, "अहो, आज पॅन्ट एकदाही ओढली नाहीत?"

"अगं, सवय लागते. मराठी कंबर आहे, लोखंड पेलते!"

चिवड्याच्या रॅकमागे नेहमीचे गिऱ्हाईक जोशी काका पुटपुटले, "कंबर कसली, पोट आडवं येतंय." माझे कान तिखट, बरोब्बर ऐकलं. म्हटलं, "काका, चिवडा ठेवा खाली, पोट तुमचंही वाढतंय." तिघंही खूप हसलो.

मग इतके दिवस मी वजनाला का घाबरत होतो? तांदळाची पोती उचलली, शिडीवर चढलो, पॅन्ट जागची हलली नाही. खुशीत बंदुकीच्या दुकानात फोन करून सांगूनही टाकलं, हलकं उद्या आणतो, विकायचंय.

आत्ता घरी येऊन शर्ट वर केला. कमरेचं रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर रिकामं.

स्टीलचं सकाळपासून घरच्या तिजोरीतच आहे.