गिअर नसलेला ट्रॅक्टर आणि मी

४ मार्च, सकाळ
जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला. मुलानं नवा ट्रॅक्टरच आणलाय. त्यात गिअरच नाहीत म्हणे! रविवारी मिस्त्री माझी परीक्षा घेणार. पास झाले तर किल्ली माझ्या कमरेला, नाहीतर सूनबाईच्या. चाळीस वर्षं चालवतेय मी, माझी परीक्षा!
ही वही सूनबाई लिहून घेते. कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद दिलीय. तिनंही लक्ष देऊन ऐकू नये.

५ मार्च
मिस्त्रीनं गिअरबॉक्सचे प्रकार समजावले. मला फारच पटकन समजले.
जुना, स्लायडिंग मेश: आमच्या ह्यांच्यासारखा. पुरता थांबल्याशिवाय बदलायचा नाही. घाई केली की दात खायचा.
सिंक्रोमेश: सूनबाईसारखा. चालता चालता बदलतो, कुरकुर नाही. (हे वाक्य लिहिताना तिचं अक्षर मोठं झाल्याचा संशय आहे.)
हायड्रोस्टॅटिक, म्हणजे नवा: आमच्या चिरंजीवांसारखा. तेल घातलं की चालतो. पेडल दाबा, पुढे, सोडा, थांबला.
मिस्त्री म्हणाला, आजी, उतारावर बंद केला तर हँडब्रेक ओढाच, हा गिअरवर अडत नाही, हळूहळू घसरतो. नवशिक्यांना सांगत असेल. मी पहिल्या गिअरवर उभा करणारी बाई.

६ मार्च, दुपार
सराव. डावा पाय सारखा क्लच शोधतो. क्लच नाही. कुंपणाचा एक खांब वाकला. बाकीचे आधीच वाकडे होते, आता सगळे सारखे दिसतात.

७ मार्च
झोप नाही. काळजी नव्हे, उत्साह.

८ मार्च, रविवार
चढावरून शेडपर्यंत लोण्यासारखा नेला. चढावरच बंद केला, खाली उतरले. मिस्त्री म्हणाला, वा आजी! मुलानं किल्ली दिली. कमरेला खोचली. चहा आला.
पहिल्या घोटाला वाटलं, ट्रॅक्टरसमोरचं झाड पुढे सरकतंय. झाडं सरकत नसतात. ट्रॅक्टर मागे चालला होता, बोटबोटभर, आवाज न करता. खाली सूनबाई पाठमोरी पेट्या रचत होती.
मिस्त्री आणि मुलगा टायरच्या गप्पांत. कुणी पाहिलं नव्हतं. ओरडले तर नापास. वाटलं, थांबेल आपला आपण.
दुसरा घोट. आता वीतवीतभर.
ओरडले. कप फुटला. सूनबाई वळली, बाजूला झाली, पायरीवर चढली आणि ब्रेक ओढला. चाक पेट्यांना टेकलं होतं.
लिहिताना ती विचारते, आई, दोन घोट लिहू ना? म्हटलं, लिही, लगेच ओरडले. ती म्हणाली, बरं. काय लिहिलं देव जाणे.

९ मार्च
किल्ली सूनबाईला दिली. स्वतःहून. कमरेतून सोडवायला मुलाला जरा जोर लागला, एवढंच.
तिनं विचारलं, राग आलाय का. म्हटलं, छे, वय झालं की मोठी कामं घ्यावीत. ट्रॅक्टर उभा राहिला की चाकाखाली दगड लावायचं काम आता माझं. ते कुणावरही सोपवत नाहीत.
आज दोनदा लावला. दोन्ही वेळा सूनबाई उतरून बघून गेली. एकदा दगड चढाच्या बाजूचा काढून उताराच्या बाजूला ठेवला.
कौतुकानंच बघत असेल.