ओढा साफ झाल्यावरच घर

मी, मनकर्णा माणिकराव गरड, वय सहासष्ट, राहणार राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. मी रागात आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे.

१. माझ्या पतीने आणि मी गावच्या पंगतींसाठी पितळी ताटे, पेले जमवले होते. ज्याच्या घरी कार्य, त्याने न्यावे आणि घासून परत आणावे. मुलगा योगीराज याने वडिलांच्या तेरवीआधी ते सगळे मोडीत घातले. म्हणे, "घासत कोण बसंल?" थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे ग्लास आणले, आणि पंगती उठल्यावर उष्ट्यासकट ट्रॉली ओढ्यात रिकामी केली. एक पेला तेवढा मी लपवून ठेवला होता. तो नात निकिताला.

२. मेंढरे राखणाऱ्या बानूबाईची गाभण मेंढी ओढ्याकाठी चरून फुगली आणि मेली. पोट फाडून पाहिल्यावर बानूबाई माझ्या दारी आली. "बाई, आत तुमच्या मालकाच्या तेरवीचे गिलास निघाले."

योगीराज म्हणाला, "आई, सगळं गाव तेच करायलंय. कंपनी बनवायलीय, दुकानदार विकायलाय. माझ्या एकट्यानं काय हुतंय?"

कंपनीला मी निर्दोष म्हणत नाही. पण ट्रॉली कंपनीने उलटी केली नव्हती. ओढ्याकाठचे माझे रान बानूबाईला.

३. लहानपणी मी शिकायला होते त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून फाटके मोजे रफू करून घेत. खिडकीशी बसून आम्ही मुली हळूच गाणी म्हणायचो. तेव्हाची माझी शिवणपेटी अजून जपून ठेवली आहे, तीही निकिताला. योगीराजने ऑनलाइन मागवून न उघडलेली खोकी माझ्या खोलीतून त्याची त्याने उचलावीत.

४. माझ्या तेरवीचे जेवण पळसाच्या पानांवर होईल, नाहीतर होणार नाही.

५. माझ्या नावावरचे राहते घर योगीराजला, पण ओढा त्याने स्वतः उतरून साफ केल्यावर. मजूर लावलेले चालणार नाहीत. बानूबाईने मेंढरे तिथे पाण्यावर आणली की अट पूर्ण झाली असे समजावे. वर्षात तसे न घडल्यास घर निकिताचे.

हे सर्वांसमोर वाचून दाखवले. योगीराजने विचारले, "अन् हिनं मुद्दाम मेंढरं आणलीच न्हाईत तर?"

बानूबाई म्हणाली, "तहान लागल्यावर मेंढराला मुद्दाम कळत न्हाई, धाकले मालक."

हे तिचे म्हणणे मी इथे नोंदवून ठेवत आहे.

सही: मनकर्णा माणिकराव गरड
साक्षीदार: बन्सीधर मुरकुटे (सही), सरजाबाई फड (डाव्या हाताचा अंगठा)
राणीसावरगाव, १४ फेब्रुवारी २०२५