टँकर आमच्या गल्लीत थांबला नाही

मंगळवार, वैशाख

आज गावचा दादा आबा, त्याचा पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत थांबलाच नाही. दूध सोसायटीच्या निवडणुकीत मी त्याच्या माणसाविरुद्ध अर्ज भरला, त्याची ही शिक्षा. ते समजलं होतंच. पण शेजारच्या गंगूमावशी भांडल्या त्या आबाशी नाही, माझ्याशी!

"तुला कावून पायजे ही निवडणूक? आमच्या घागरी रिकाम्या ऱ्हायल्या!"

मी म्हटलं, "मावशी, ह्याच आबानं सोसायटीच्या सचिवाचा हात मोडला. भर चौकात. तुमी बी पाह्यलं."

"पाह्यलं की. पर आमी ऊसतोडीला गेलतो तवा माझी सून बाळंतपणात अडली. जीप कुणी धाडली? सरकारनं?"

आबाची जीप आली होती, सून वाचली, हे खरंच. आणि तो मोडलेला हातही खराच. म्हणजे लोक आंधळे नाहीत. हाकेला दुसरं कुणी येतच नाही, म्हणून त्यांनी आबाला देव केलाय. मग दुसरं कुणीतरी यायला नको का?

त्या सचिवाला अजून त्या हातानं घास घेता येत नाही. अर्ज मागं घ्यायचा नाही. नाहीच.

दिवेलागणीला पुन्हा मावशींच्या दारात गेले. म्हटलं, "उद्या तहसीलवर जाऊ, सरकारी टँकर मागू. मिळेस्तोवर उठायचं न्हाई."

त्यांनी रिकामी घागर उंबऱ्याशी ठेवली. मग म्हणाल्या, "येते. पर मत आबाच्याच माणसाला देईन."

"द्या," मी म्हटलं. "पर चला."