चार ओळींना हरकत नाही

३ मार्च, सोमवार

नसती उठाठेव अंगावर घेतली. क्षिप्रा — मागच्या खोलीत भाड्याने राहते ती — विद्यापीठात पीएच.डी. करते आणि उरलेल्या वेळात मित्रमैत्रिणींना गाण्याचे कार्यक्रम भरवायला मदत करते. चहा घेताना म्हणाली, 'काका, तुमचं मराठी पक्कं आहे ना? एका रॅपरच्या गाण्यात चार ओळी मराठी आहेत. सरकारी परवानगीसाठी सगळे शब्द आधी पाठवावे लागतात, इंग्रजीत. तेवढं करून द्याल?'

मी म्हटलं, दे. चार ओळींचं काय एवढं. मग उगाच विचारलं, रॅपर कोण?

'ठसका. ब्रिटिश आहे. तुम्ही नसेल ऐकलं.'

कप खाली ठेवला. ठसका म्हणजे आमची वल्लरी. माझी मुलगी.

कार्यक्रम बावीस तारखेला, इथेच, सिंगापूरला. मला हे भाडेकरणीकडून कळतंय!

४ मार्च, मंगळवार

क्षिप्राला सांगितलं नाही. इथे कुणालाच सांगितलेलं नाही. लोक विचारतात, मुलगी काय करते? 'लंडनला असते, मीडियात.' मीडिया हा शब्द फार सोयीचा आहे, पुढे कोणी विचारत नाही. भिंतीवर फोटो आहे तोही दहा वर्षांची असतानाचा, दोन वेण्या घातलेला.

काय सांगायचं लोकांना? मी बँकेत कम्प्लायन्समध्ये. चांगी बिझनेस पार्कात बसून दिवसभर दुसऱ्यांच्या इमेलमधले धोक्याचे शब्द शोधायचे, हा माझा धंदा. आणि पोटची पोर स्टेजवर उभी राहून मंत्र्यांची नावं घेऊन बोलते.

लेस्टरला जन्मली, तिथेच वाढली. आमच्या गल्लीच्या टोकाला मुलांचा एक क्लब होता, तो तिथल्या कौन्सिलने बंद केला. ही सोळा वर्षांची, त्याच्या पायऱ्यांवर उभी राहून काहीतरी बडबडली — तालात. कुणीतरी ते नेटवर टाकलं. तिथून सुरू. मी सिंगापूरची नोकरी घेतली तेव्हा ती कॉलेजला म्हणून तिकडेच राहिली. मग कपडे शिवणाऱ्या बायकांवर गाणं, लोकांना देशाबाहेर काढतात त्यावर गाणं. रेडिओने लावायचं बंद केलं, तर दुप्पट लोक ऐकायला लागले. शेवटी एका बक्षीस समारंभात मंत्र्याच्या हातून बक्षीस घ्यायचं नाही म्हणून पाठ फिरवून उभी राहिली. पेपरात पाठीचाच फोटो.

त्या दिवशी मी तिला फोनवर एक निरोप रेकॉर्ड करून पाठवला. चांगली झाडली तिला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. ती आईशी बोलते, मी शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसतो.

तिची गाणी ऐकायची नाहीत असं तेव्हाच ठरवलं. पाळलंही.

६ मार्च, गुरुवार

क्षिप्राने पाठवलेलं गाणं लावलं. ढोलकीसारखं काहीतरी वाजतं, आणि मग एक म्हातारा कुरकुरल्यासारखा बोलायला लागतो.

मीच तो! माझा निरोप! तसाच्या तसा, घसा खाकरण्यासकट!

बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा बंद केलं.

७ मार्च, शुक्रवार

बायकोला, सुचित्राला, विचारलं, तुला माहीत होतं? शांतपणे भाजी निवडत म्हणाली, 'सगळ्या जगाला माहीत आहे. तुम्ही सोडून. लाखो लोकांनी ऐकलंय.'

म्हणजे लाखो लोकांनी मला ऐकलंय. आणि मी ऑफिसात आवाज चढवत नाही म्हणून माझं कौतुक होतं.

म्हटलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणे, 'तुम्ही विचारलंत कधी तिच्याबद्दल?'

जेवण गेलं नाही.

९ मार्च, रविवार

भाषांतर केलं. चार ओळींना अख्खी सकाळ. माझेच शब्द, आणि मलाच ते इंग्रजीत सापडेनात.

'आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात.' 'जगाचा मक्ता तू घेतलायस का?' 'उद्या कोणी दारात उभं करणार नाही तुला.' 'गप्प बस जरा.'

मधूनमधून ती उत्तरं देते, इंग्रजीत. ती उत्तरंही ऐकावीच लागली, त्याशिवाय माझ्या ओळींचा संदर्भ कसा लागणार. मी म्हणतो, आपण अध्यात ना मध्यात. ती म्हणते, मग मध्ये कोण उभं आहे बाबा? मध्ये तर आपली शेजारीण आहे, हातात पिशवी, दारात तिला न्यायला आलेली गाडी. मी म्हणतो, जगाचा मक्ता घेतलायस का. ती म्हणते — जगाचा नाही, एका गल्लीचा. तेवढा तरी घेऊ दे.

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही, त्याचाच राग आला.

काही मऊ केलं नाही, काही कडक केलं नाही. जसं आहे तसं लिहून दिलं. क्षिप्राने वाचलं आणि हसली. 'किती टिपिकल बाबा आहे हा, नाही?' मी म्हटलं, हं.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसात लक्ष नाही. एमआरटीत स्टेशन चुकलं. समोरच्या मुलीच्या कानात तारा होत्या, वाटलं हिच्या कानात मी बोलत असेन.

१७ मार्च, सोमवार

परवानगी आली. क्षिप्रा हिरमुसली होती. यादीतली चार गाणी म्हणायची नाहीत. आणि या गाण्यात तिची सगळी उत्तरं गाळायची. ताल राहू दे, उत्तरं नकोत.

'आणि मराठी?' मी विचारलं.

'त्याला काही हरकत नाही, काका. तुमच्या चार ओळी जशाच्या तशा पास.'

तिला सहज म्हणायचं होतं, भाषांतर माझं म्हणून. पण मला ते लागलं. तिचं प्रत्येक वाक्य कुणाला ना कुणाला खुपलं. माझं एकही नाही. एवढा निरुपद्रवी माणूस मी.

आयुष्यभर हेच तर हवं होतं, मग एवढं झोंबायचं कारण काय?

१८ मार्च, मंगळवार

सुचित्रा म्हणाली, वल्लरी शुक्रवारी जेवायला येतेय. मी म्हटलं, मला मीटिंग आहे. ती म्हणाली, नाहीये, तुमचं कॅलेंडर विचारून घेतलंय मी.

कुणाला विचारलं ते सांगितलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी रजा घेतली. दार क्षिप्राने उघडलं आणि ती दचकलीच — दारात ठसका उभी, हातात आंब्यांची पिशवी, आणि आत सुचित्रा ओरडतेय, 'आली का गं बाय माझी!' क्षिप्रा माझ्याकडे बघतेय, भिंतीवरच्या दोन वेण्यांकडे बघतेय. 'काका...' म्हणाली आणि खोलीत निघून गेली. दहा मिनिटांनी परत आली, सही मागायला.

वल्लरी वाळलीय. केसांत एक पांढरी बट. माझ्या पोरीच्या केसांत पांढरं! 'बाबा, बारीक झालास,' म्हणाली. मी म्हटलं, तूही. मग आम्ही दोघं आमटीकडे बघत बसलो.

फोन तिचा सारखा थरथरत होता. तिने तो पालथा ठेवला. सुचित्राने विचारलं, काय गं? 'काही नाही आई. रोजचंच. कोण कोण काय काय लिहितात.' असं म्हणून वरण वाढून घेतलं.

शेवटी मीच तोंड उघडलं. विचारायचंस तरी, म्हटलं.

'विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.'

'अर्थात.'

'मग?'

म्हटलं, हसायला ठेवलंयस का मला गाण्यात? तशी तिने घास खाली ठेवला. मोडकं मराठी, मध्ये इंग्रजी, पण सगळं कळलं. 'नाही बाबा. मला शिव्या सगळेच देतात. तू एकटाच काळजीने देतोस. म्हणून तुलाच उत्तर द्यावंसं वाटतं. बाकीच्यांना मी उत्तरच देत नाही.'

मी पाणी आणायला उठलो. पाणी टेबलावरच होतं.

आल्यावर म्हटलं, उद्या त्या चार ओळी काढून टाक. माझ्यासाठी. ती म्हणाली, 'काढल्या तर त्या गाण्यात काही उरतच नाही. माझं सगळं त्यांनी काढलंय.'

जाताना वाकून नमस्कार केला. लहानपणीही कधी नीट केला नव्हता.

२२ मार्च, शनिवार

गेलो. सुचित्राला सांगितलं, माझे पाय दुखतात, मी येत नाही; आणि तिच्या आधी बूट घालून तयार. इस्त्रीचा शर्ट आत खोचलेला. रांगेत माझ्या वयाचं कुणी नव्हतं. क्षिप्राने कानात घालायला स्पंजचे बोळे दिले, मी खिशात ठेवले.

मुलगी पाहिली मी आज. स्टेजवर. घरात जी जराशी वाकून बसली होती तीच ही, यावर विश्वास बसेना. सगळं अंग बोलत होतं. तोडलेल्या यादीतून उरलेली गाणी, तरी पोरं उड्या मारत होती.

मग ते ढोलकीचं सुरू झालं आणि माझा आवाज त्या अख्ख्या हॉलमध्ये घुमला. 'आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात.' आणि मग नुसता ताल. वल्लरी माइक खाली धरून उभी. उत्तर नाही. पुन्हा मी, पुन्हा ताल, पुन्हा ती गप्प. पोरांना माझे शब्द पाठ! शेजारचा चिनी मुलगा 'गप्प बस जरा' असं म्हणत होता, जसा काही पुण्यात वाढलाय. माझं सगळं म्हणत होते, तिचं कुणी म्हणेना. सगळ्यांना माहीत होतं, आज ते म्हणायचं नाही.

ती रिकामी जागा मला सोसेना. कुणीतरी बोला रे, असं झालं.

गाणं फिरून आलं. मी वरून विचारलं, जगाचा मक्ता तू घेतलायस का? आणि खालून मीच ओरडलो — जगाचा नाही, एका गल्लीचा! तेवढा तरी घेऊ दे! इंग्रजीत, माझ्या त्या बँकेच्या इंग्रजीत. ताल चुकला. घसा फाटला. सुचित्राने माझा दंड धरला. आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली, दोघातिघांचे फोन वर झाले.

वल्लरीला ऐकू गेलं नाही. तिच्या कानात यंत्र होतं, डोळ्यांवर दिवे होते. ती समोर बघत होती, आमच्या बाजूला नाही.

टॅक्सीत सुचित्राने माझा हात सोडला नाही.

२३ मार्च, रविवार

वल्लरी सकाळच्या विमानाने मेलबर्नला. पुढचा कार्यक्रम तिथे. विमानतळावर गेलो, पण तिच्याभोवती माणसं होती. कालचं सांगायचं राहिलं. घसा अजून बसलेला.

२४ मार्च, सोमवार

व्हायचं तेच झालं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. अर्ध्या मिनिटाचा. खोचलेला शर्ट, वर केलेला हात, उघडं तोंड. खाली प्रबोधने लिहिलं, 'मनोहर, अरे हा तू का? त्या ठसकाच्या कार्यक्रमात?' प्रबोध नुसता मंडळातला असता तर ठीक. तो माझा साहेब आहे.

बराच वेळ अक्षरं टाकली, पुसली. शेवटी लिहिलं, 'माझ्यासारखा दिसतो खरा. मी नव्हे.'

सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. विषय मिटला.

सुचित्राने वाचलं असावं. आज माझ्या डब्यात नुसती पोळी होती.

२५ मार्च, मंगळवार

स्वतःचीच लाज वाटते, आणि कुणाला सांगायची सोय नाही.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी वल्लरीचा फोन, आईला. शनिवारचा कार्यक्रम शेवटचा म्हणाली. दोनदा घर बदललं, तरी धमक्यांची पत्रं दारात येतात, कंटाळले. सिंगापूरला नुसती उभी होते ना, तेव्हा इतकं शांत वाटलं, आई. नोकरी बघतेय. बाबाचं बरोबर होतं, सांग त्याला.

'झालं तुमच्या मनासारखं,' सुचित्रा म्हणाली.

मेलबर्नचं तिकीट काढलं, उद्याचं. रजेचा अर्ज प्रबोधकडे जातो, त्यात कारण लिहावं लागतं. लिहिलं — ठसका माझी मुलगी आहे, गाणं सोडू नकोस म्हणून सांगायला जातोय.