पॉलिशवरची अक्षरं

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. हे फोनवर सांगायला गेले असते तर मध्येच रडू फुटलं असतं.

गेला महिनाभर मी बाबांवर पाळत ठेवून होते. हसू नकोस. सकाळी दुकान उघडलं की नावं कोरायच्या लेझर मशीनपाशी जळक्या पॉलिशचा वास यायचा. आदल्या दिवशी मी कोऱ्या लाकडावरच काम केलेलं, मग पॉलिश जळलं कुठलं? कचऱ्याच्या डब्यात काजळी धरलेले कागदी टेपचे तुकडे. पॉलिश केलेल्या लाकडावर कोरायचं तर आधी ही टेप चिकटवावी लागते, नाहीतर अक्षरांभोवती धुराचे तपकिरी डाग बसतात. निवृत्तीनंतर वेळ जात नाही असं बाबा म्हणाले, तेव्हा हे काम मीच त्यांना शिकवलं होतं. दुकानाची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते. विचारलं तर, "मी कशाला येतोय तिकडे?" म्हणून सरळ कानांवर हात.

मग त्यांच्या कपाटाचे दोन खण गायब झाले. म्हणे दुरुस्तीला दिलेत. कुणाकडे, ते सांगेनात. माझ्या मनात नाही नाही ते आलं. कुणा बाईला नाव कोरून भेटी देताहेत की काय? की तू घर विकायचं म्हणत होतास, ते मनावर घेऊन सामान गुपचूप काढताहेत? खरं सांगते, तुझाही संशय आला. गोड बोलून तूच पटवलंस असं वाटलं. तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत.

परवा ते आंघोळीला गेल्यावर त्यांच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. खण तिथेच होते. बाबांनीच दर दोन-तीन वर्षांनी हात मारून चकचकीत ठेवलेल्या त्या पॉलिशवर ठसठशीत अक्षरं होती: 'मोजे'. 'चष्मा'. चष्म्याच्या खणाला टेप लावायची राहिली होती, सगळा धूर पसरलेला. चिठ्ठ्या डकवल्या असत्या तर मी लगेच ओळखलं असतं. कोरलेलं म्हणजे म्हाताऱ्याची हौस म्हणून खपून गेलं असतं. खण होते तसेच आत सरकवले.

काल पावलं न वाजवता दुकानात गेले. बाबा मशीनसमोर बसलेले. पुढ्यात तुझ्या फोटोची लाकडी चौकट, टेप अगदी नीट लावलेली, मशीन सुरू, पण संगणकावर एकही अक्षर नाही. मला बघून ते सुटल्यासारखे झाले. हळूच म्हणाले, "बरं झालं आलीस. या मुलाचं नाव काय गं? रोज आठवतं, आज येईना."

मी म्हटलं, तो येऊन स्वतःच सांगेल. डॉक्टरांची वेळ घेतलीय, ते सगळं मी बघते. तू फक्त ये. त्यांनी तुला नुसतं बघून हाक मारायचे दिवस अजून आहेत, तोवर ये.

तुझीच संशयी
ताई