कालव्याजवळचं वळण

४ मार्च
निघाली एकदाची! शेवटची बस डेपोपर्यंतच येते, तिथून पुढे कॉलनीपर्यंत आता शेअर टॅक्सी. बसचाच पास चालतो. दवाखान्याच्या धुलाईघरातून सुटून डेपोवर उतरले, तर दिवे लावून उभी होती. आत बेकरीतल्या मावशी आणि सिनेमाचा तिकीटवाला.

दोन वर्षांपूर्वी ही टॅक्सी असती तर आमचे हे त्या अंधारातून पायी निघाले नसते. मागून ट्रक आला नसता. — एवढंच लिहिते. कालव्याजवळचं वळण आलं तशी मी मान खाली घातली.

५ मार्च
मावशींनी गरम पाव दिला. खाल्ला नाही, नुसते हात शेकले.

८ मार्च
आप्पा डेपोवर! सासरेबुवा मफलर गुंडाळून बाकावर बसलेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, आधीच्या बसने एवढ्या लांब आला कशाला? तर म्हणे, "मीही येतो गाडीतून." सरळ पुढे, टॅक्सीवाल्याशेजारी बसले.

११ मार्च
रोज येतात. शेजारीण गॅलरीतून हसली — "सासऱ्यांचा पहारा वाटतं!" अंगाचा नुसता तिळपापड झाला. जेवताना बोललेच. "आप्पा, मी काय पळून जाणार आहे?"

त्यांचा घास हातातच राहिला. "माझ्याकडे पास आहे. मी बसणार." ताट सारून उठले.

बोलायला नको होतं. पण सहन तरी किती करायचं?

१४ मार्च
सुट्टी. मी घरीच. तरी रात्री आप्पा मफलर घेऊन निघाले!
"अहो, मी तर इथंच आहे."
"दिसतंय मला."
दार लोटून गेले. मग पहारा कुणावर?

१५ मार्च
डेपोवर आप्पा नळावर पाणी प्यायला गेले, तेवढ्यात टॅक्सीवाल्याला गाठलं. म्हणाला, "ताई, बाबांचा काही त्रास नाही. फक्त कालव्यापाशी कानाशी येऊन म्हणतात, जरा हळू घे. काचेला नाक लावून बघत राहतात. काय आहे तिथं?"

रोज त्यांच्या मागेच बसते मी. पण मान खाली! मला काय दिसणार?

१६ मार्च
सकाळी आप्पा कपडे वाळत घालत होते. पाठमोरेच होते, म्हणून विचारता आलं. बराच वेळ टॉवेलच झटकत राहिले. मग म्हणाले, "त्या रात्री तुला नेलं, मला कुणी नेलंच नाही. म्हातारा माणूस, घरी बसा म्हणाले सगळे. पोर घरी आलं ते गुंडाळलेलंच. जागा पाहिलीच नाही मी."

मी बादलीतला सदरा पिळून त्यांच्या हातात दिला.

"दिवसा पायी जाऊन पाहिलं. कॉलनीच्या टोकावरूनच माघारी फिरलो, पाय उचलेना. गाडीत चार माणसं असली की निभतं. पण नक्की कुठं, ते काही कळत नाही गं. आणि तुला कुठल्या तोंडानं विचारू?"

दोन वर्षं एका छताखाली आम्ही दूध आलं का, दिवा घालवला का, एवढंच बोललो. यांचं नाव तिनं काढायचं नाही, त्यांनी काढायचं नाही. — 'तिनं' काय! मी.

१७ मार्च
आज मीच म्हणाले, "इथं थांबवा." आप्पांचा हात धरून उतरले. कठडा संपतो तिथून थोडं पुढे नेलं, बोट दाखवलं. "इथं."

आप्पा खाली बसले. मातीवरून हात फिरवत राहिले, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मागे वळून पाहिलं. मावशी, तिकीटवाला, टॅक्सीवाला — तिघंही उतरून रस्त्यावर उभे होते. गाडी बंद. कुणालाच घरी जायची घाई नव्हती.